सगळे सामने गोव्यात, तरी गोवा चौथा का?

डिचोलीच्या एका महाविद्यालयीन खेळाडूने विचारले आहे, की फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा संपूर्ण मोसम गोव्यातच खेळवला गेला, मग घरच्या मैदानाचा फायदा असूनही एफसी गोवा चौथ्या स्थानावर का राहिला. आणि प्रेक्षक नाहीत, प्रवास नाही, अशा त्या मोसमाला खरी लीग म्हणावे का. मी वीस वर्षांहून अधिक काळ गोव्यातल्या क्लबांना प्रशिक्षण देत आलो आहे आणि त्या मोसमातले तिन्ही मैदानांचे गवत माझ्या बुटांना ओळखीचे आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो. प्रश्नातच एक गृहीत दडलेले आहे, ते आधी बाजूला काढावे लागेल. गृहीत असे, की घरच्या मैदानाचा फायदा मैदानात असतो. माझ्या अनुभवाप्रमाणे तो मैदानात फारसा नसतोच. तो पाहुण्या संघाच्या गैरसोयीत असतो. पाहुण्यांची गैरसोय संपली, की यजमानांचा फायदाही बराचसा संपतो.

प्रथम त्या मोसमाची रचना समजून घ्या. महामारीमुळे अकरा संघांना गोव्यात आणून वेगवेगळ्या हॉटेलांत ठेवले होते. सामने तीन ठिकाणी झाले: फातोर्ड्याचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम, बांबोळीचे जीएमसी ॲथलेटिक स्टेडियम आणि वास्कोचे टिळक मैदान. २० नोव्हेंबर २०२० रोजी बांबोळीत केरळा ब्लास्टर्स आणि एटीके मोहन बागान यांच्या सामन्याने सुरुवात झाली आणि १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्यात अंतिम सामना झाला. प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळला, म्हणजे साखळीचे ११० सामने, त्यावर उपांत्य फेरीचे चार आणि अंतिम एक असे एकूण ११५. कागदावर दर सामन्यात एक संघ ‘यजमान’ म्हणून लिहिला जात होता, पण रिकाम्या खुर्च्यांसमोर ओडिशाचा संघ ‘यजमान’ म्हणून उतरला, तरी त्या शब्दाला काय अर्थ उरणार?

नेहमीच्या मोसमात गोव्यात येणाऱ्या संघाचे काय होते ते पाहा. गुवाहाटी किंवा जमशेदपूरहून निघालेला संघ विमान बदलत, सामानाची वाट पाहत, बहुतेक वेळा सामन्याच्या दोन दिवस आधी पोहोचतो. एक दिवस प्रवासात जातो. दुसऱ्या दिवशी अंग मोकळे करण्यापलीकडे सराव होत नाही. अनोळखी खोलीतली झोप आणि नेहमीपेक्षा वेगळ्या वेळचे जेवण यांची भर पडते, आणि वर इथली दमट हवा, जिचा परिणाम सामन्याच्या साठाव्या मिनिटानंतर पोटऱ्यांत जाणवतो. उत्तरेकडून आलेल्या संघांचे खेळाडू डिसेंबरातही आमच्याकडे पायात गोळे येऊन खाली बसलेले मी अनेकदा पाहिले आहेत. २०२०-२१ मध्ये हे सगळे संपले. प्रत्येक संघ काही आठवडे आधी येऊन इथल्या हवेला सरावला होता आणि सामन्याला जायचे तर तासाभराच्या आत बसने पोहोचत होता. थोडक्यात, गोव्याने स्वतःची सर्वांत मोठी नैसर्गिक तटबंदी दहा पाहुण्यांना राहायला दिली.

उलट बाजूने एफसी गोवाच्या स्थानिक मुलांना मिळाले काय? आपले घर पंधरावीस किलोमीटरवर आहे, खिडकीतून दिसणारे डोंगर ओळखीचे आहेत, पण आईच्या हातची कढी खायला जाता येत नाही, अशी अवस्था. घरापासून दोन हजार किलोमीटर दूर असलेल्या खेळाडूचे मन एका अर्थाने स्थिर होते, कारण त्याला जाण्याचा मोह होण्यासारखे अंतरच नसते. हे मोजता येत नाही हे मला मान्य आहे, पण ज्याने तरुण मुलांचे निवासी शिबिर चालवले आहे तो यावर हसणार नाही.

आता मैदानांविषयी. तिन्ही गोव्यात आहेत म्हणून तिन्ही एफसी गोवाची घरे होती असे नाही. संघाचे घर एकच, फातोर्डा. बांबोळीचे स्टेडियम २०१४ च्या लुसोफोनिया स्पर्धेसाठी बांधलेले. ते पठारावर आहे आणि खेळपट्टीभोवती धावण्याचा ट्रॅक आहे. पाच वाजता सुरू होणाऱ्या सामन्यात तिथे पहिल्या अर्ध्या तासात समुद्राकडचा वारा लांब चेंडू हवेत धरून ठेवतो. साडेसातच्या सामन्यात वारा पडलेला असतो, पण जानेवारीत दव उतरू लागते आणि उत्तरार्धात तोच चेंडू गवताला लागून साबणासारखा सटकतो. मी स्वतः तिथे गोलरक्षकाला मध्यंतरात सांगत असे, की आता चेंडू छातीशी धरण्याच्या भानगडीत पडू नकोस, मुठीने बाहेर काढ. वास्कोचे टिळक मैदान मुळातच वेगळ्या स्वभावाचे: शहराच्या पोटात, आटोपशीर, प्रेक्षक असले तर कानाशी ओरडणारे. बागान, मुंबई, हैदराबाद यांनी हे बारकावे दहा-बारा दिवसांत शिकून घेतले. व्यावसायिक संघाला मैदान समजून घ्यायला तेवढा वेळ पुरतो.

इथे थोडे मागे जातो, कारण गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास नेमका हेच सांगतो. १९९८-९९ मध्ये साळगावकर संघाने राष्ट्रीय लीग जिंकली, २००४-०५ आणि २००६-०७ मध्ये धेंपो संघाने. त्यानंतर आय-लीग सुरू झाली आणि २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंतची पहिली सहाही विजेतेपदे गोव्यात आली: धेंपो तीन, चर्चिल ब्रदर्स दोन, साळगावकर एक. त्या काळात या क्लबांचे ‘घर’ कोणते होते? बहुतेक वेळा तेच एक फातोर्डा, जे सगळ्यांचे सामाईक होते. धेंपो आणि चर्चिल समोरासमोर आले, की यजमान कोण हे फक्त पंचांच्या कागदावर कळे, आणि कोलकात्याच्या तुलनेत स्टँडमध्ये गर्दीही बेताचीच असे. तरी लीग जिंकली जात होती, ती बाहेरगावी जाऊन गुण आणण्याच्या सवयीमुळे. एफसी गोवाच्या बाबतीतही हेच दिसते. डिसेंबर २०१५ मध्ये भरलेल्या फातोर्ड्यात चेन्नईयनविरुद्धच्या अंतिम सामन्यात संघ नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-१ ने पुढे होता आणि तरी ३-२ ने हरला; तर १९ फेब्रुवारी २०२० रोजी साखळीतल्या अव्वल स्थानाची ढाल नक्की केली ती जमशेदपूरला जाऊन, ५-० ने.

म्हणून २०२०-२१ चे उत्तर मैदानात न शोधता गुणतक्त्यात शोधावे. बहुतेक लोक तक्त्यातला शेवटचा रकाना पाहतात. मी मुलांना मधले तीन रकाने आधी वाचायला सांगतो. २०१९-२० मध्ये एफसी गोवा १८ सामन्यांत १२ जिंकला, ३ बरोबरीत सोडवले, ३ हरला, गुण ३९. २०२०-२१ मध्ये २० सामन्यांत ७ विजय, १० बरोबरी, ३ पराभव, गुण ३१. पराभव दोन्ही मोसमांत तीनच! त्याहून गमतीची गोष्ट, त्या मोसमात ढाल आणि करंडक दोन्ही पटकावणारा मुंबई सिटी आणि दुसरा आलेला बागान, हे दोघेही चार-चार सामने हरले. म्हणजे विजेता संघ गोव्यापेक्षा जास्त वेळा हरला होता. त्या दोघांच्या नावावर १२ विजय, ४ बरोबरी, ४ पराभव आणि ४० गुण असे अगदी हुबेहूब आकडे होते.

विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एक, या पद्धतीत दहा बरोबऱ्यांचे दहाच गुण होतात. त्याच दहांपैकी पाच जिंकल्या आणि पाच हरल्या असत्या, तरी पंधरा झाले असते. ‘हरलो तर नाही’ हे समाधान लांब मोसमात फार महाग पडते, आणि आमच्याकडच्या प्रशिक्षकांना (त्यात मीही आलो) ते पटायला वर्षे लागतात.

मोसमाचे दोन भाग करून पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. पहिले सात सामने २२ नोव्हेंबर ते १९ डिसेंबर या काळात झाले आणि त्यांत तिन्ही पराभव आले. हाती आठ गुण. त्यानंतरच्या तेरा सामन्यांत एफसी गोवा एकदाही हरला नाही, पण त्यांतले पाचच जिंकला आणि आठ बरोबरीत सुटले. ८ फेब्रुवारीला मुंबईविरुद्धचा ३-३ हा सामना आठवत असेल, तर ईशान पंडिताने अगदी शेवटच्या क्षणी केलेला बरोबरीचा गोलही आठवेल. त्या रात्री आपण सगळ्यांनी आनंद केला. पण मुंबईला मागे टाकायचे तर असल्या सामन्यांतून तीन गुण लागत होते. आठपैकी पाच बरोबऱ्या विजयात बदलल्या असत्या तर गोवा ४१ गुणांवर, थेट अव्वल स्थानाच्या शर्यतीत असता. निदान दोन बदलल्या असत्या तरी ३५ गुणांसह ईशान्येच्या नॉर्थईस्ट युनायटेडला मागे टाकून तिसरा आला असता आणि उपांत्य फेरीत मुंबईऐवजी बागान समोर आला असता.

मग बरोबऱ्या एवढ्या का झाल्या? मला दोन कारणे दिसतात. त्यातले पहिले म्हणजे विश्रांतीचे दिवस. गोव्याचे २० सामने ९८ दिवसांत झाले, म्हणजे सरासरी दर पाच दिवसांनी एक. सरासरी फसवी असते. २२ नोव्हेंबरला बंगळूरूविरुद्ध दोन गोलांची पिछाडी भरून काढून २-२ केल्यावर तिसऱ्याच दिवशी मुंबईशी गाठ पडली आणि दहा खेळाडूंनिशी खेळताना जादा वेळेतल्या पेनल्टीवर ०-१ अशी हार झाली. १६ डिसेंबरला बागानकडून पुन्हा उशिरा मिळालेल्या पेनल्टीवर ०-१, आणि तिसऱ्या दिवशी, १९ ला, चेन्नईयनकडून १-२. तीन पराभवांपैकी दोन तीन दिवसांच्या अंतराने खेळताना आले. प्रवास नव्हता म्हणून वेळापत्रक दाटीचे करता आले, आणि नेहमीच्या मोसमात विमानतळावर जो थकवा येतो तो इथे पंचांगातून आला. तीन दिवसांत मांडीचा स्नायू पूर्ववत होत नाही. पहिल्या दिवशी जिना उतरताना दुखतो, दुसऱ्या दिवशी बरा वाटतो, तिसऱ्या दिवशी खेळाडू ‘मी ठीक आहे’ म्हणतो आणि सत्तराव्या मिनिटाला त्याची धाव अर्ध्या पावलाने कमी पडते. पेनल्टी बहुधा त्याच अर्ध्या पावलातून जन्माला येतात.

अशा वेळी राखीव फळी कामाला येते. त्या मोसमात पाच बदलांची मुभा होती, म्हणजे मैदानावरचे निम्मे खेळाडू बदलता येत होते. मुंबईचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्याकडे पुढच्या फळीत ले फाँद्र सुरुवातीला खेळला तर ओगबेचे बाकावर बसलेला असे. तो उतरला, की प्रतिस्पर्ध्याच्या दमलेल्या बचावपटूंचे हाल होत. गोव्याकडे इगोर अंगुलो होता, १४ गोल करून सोनेरी बूट मिळवलेला, पण त्याच्या मागे तशाच वजनाचा दुसरा नव्हता. तरुण पंडिता शेवटच्या काही मिनिटांसाठी उतरत असे आणि त्याने जे केले ते कौतुकास्पदच होते.

दुसरे कारण अधिक जिव्हारी लागणारे आहे. २०१९-२० मध्ये ज्यांच्यामुळे गोव्याने १८ सामन्यांत ४६ गोल केले, त्या घडीचे शिल्पकार लोबेरा यांना जानेवारी २०२० च्या अखेरीस, संघ अव्वल असताना, क्लबने पदावरून दूर केले होते. पुढच्या मोसमात ते मुंबईत गेले आणि त्यांच्या पाठोपाठ अहमद जाहू, ह्युगो बूमूस, मूर्तादा फॉल आणि आपला मंदार राव देसाई हेही गेले. नवे प्रशिक्षक हुआन फेरांदो यांनी नव्याने संघ उभा केला आणि तो ज्या पद्धतीने खेळला ते पाहता त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. पण मधल्या फळीची वर्षानुवर्षांची वीण एका तयारी शिबिरात पुन्हा विणता येत नाही. चेंडू ताब्यात राहत होता. अखेरच्या पंचवीस यार्डांत तो कोणाच्या पायात आणि कोणत्या क्षणी द्यायचा, ही जी न बोलता होणारी समजूत असते, ती मुंबईच्या जर्सीत निघून गेली होती. उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात, ५ मार्चला फातोर्ड्यात, गोव्याने दोनदा आघाडी घेतली आणि दोन्ही वेळा बरोबरी साधणारे होते बूमूस आणि फॉल. दुसरा सामना ०-० राहिला आणि टायब्रेकरमध्ये मुंबई ६-५ ने पुढे गेली. टायब्रेकरच्या तोंडावर दोन्ही प्रशिक्षकांनी गोलरक्षक बदलले होते, हे ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत.

रिकाम्या मैदानाचा आणखी एक परिणाम फारसा बोलला जात नाही. प्रेक्षक नसले, की बाकावरून दिलेला शब्द दोन्ही संघांना सारखाच ऐकू जातो. आमच्या गोवा प्रोफेशनल लीगमध्ये दुपारी चार वाजता पन्नासेक लोकांसमोर सामने होतात, त्यामुळे मला याचा जुना अनुभव आहे. मी डाव्या बगलेच्या बचावपटूला मराठीत ‘मागे सरक, तो आत येतोय’ असे ओरडायचो, आणि समोरचा विंगर शेजारच्याच गावचा असल्याने तो लगेच बाहेरून जायचा. मग आम्ही खुणेचे शब्द ठरवले. ‘पाणी’ म्हटले की चौघांनी मागे सरकायचे. एकदा राखीव खेळाडू खरोखरच बाटल्या घेऊन धावला, ती गोष्ट निराळी. २०२०-२१ मध्ये अनेक संघांचे प्रशिक्षक स्पॅनिश होते आणि त्यांचे मधल्या फळीतले प्रमुख खेळाडूही ती भाषा जाणणारे. पण समोरच्या संघातही स्पॅनिश कळणारे असत. गुपित फारसे राहत नसे. जर्मनीत मे २०२० मध्ये रिकाम्या मैदानांवर लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा यजमान संघांचे विजय घटल्याचे दिसले होते. गर्दीचा दबाव पंचांवरही असतो, हे आम्ही बाकावरचे लोक कायम म्हणत आलो होतो. त्या काळात ते उघड दिसले.

प्रश्नाचा दुसरा भाग: ती खरी लीग होती का? माझे मत आहे की गुणतक्त्याच्या दृष्टीने ती नेहमीपेक्षाही अधिक खरी होती. सगळ्यांना तीच मैदाने, तीच हवा, तेच दव. २८ फेब्रुवारीला साखळीच्या शेवटच्या दिवशी बागानला बांबोळीत केवळ बरोबरी पुरेशी होती, मुंबईला विजय हवा होता, आणि फॉल व ओगबेचे यांच्या गोलांवर मुंबईने तो २-० असा मिळवला. दोघांचे गुण ४० झाले, पण आपसातले दोन्ही सामने मुंबईने जिंकले असल्याने ढाल आणि तिच्याबरोबर आशियाई चॅम्पियन्स लीगची जागा त्यांना मिळाली. त्याच दिवशी फातोर्ड्यात गोव्याला उपांत्य फेरी गाठायला हैदराबादविरुद्ध बरोबरी हवी होती आणि त्यांनी ती ०-० अशी राखली. हैदराबाद २९ गुणांवर बाहेर राहिला. बरोबरीचाच तेवढा उपयोग झाला, असे म्हणा हवे तर. पुढे एप्रिल २०२१ मध्ये, २०१९-२० च्या ढालीच्या बळावर, आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात पहिला भारतीय संघ म्हणून उतरताना कतारच्या अल रय्यानशी केलेली ०-० ही मात्र खरोखर मिळकत होती, कारण तिथे तुलना वेगळ्या दर्जाशी होती.

कमतरता होती ती दुसरीकडे. त्या लीगमध्ये पदावनती, म्हणजे तळाच्या संघाने खालच्या श्रेणीत जाणे, नव्हती, त्यामुळे बारा गुणांसह तळाला राहिलेल्या ओडिशाला आणि सतरा-सतरा गुणांवर अडकलेल्या ईस्ट बंगाल व केरळ यांना शेवटच्या पंधरवड्यात गमावण्यासारखे काही नव्हते. लीगची कस तळाच्या संघांच्या भीतीतूनही लागते आणि ती भीती त्या मोसमात नव्हती.

घरच्या मैदानाच्या फायद्याविषयी अजून शंका असेल, तर २०२१-२२ चा मोसम पाहा. तोही पूर्णपणे गोव्यातच झाला, त्याच तीन मैदानांवर. त्यात एफसी गोवा ४ विजय, ७ बरोबरी, ९ पराभव आणि १९ गुणांसह नववा आला, तर फातोर्ड्यात मार्च २०२२ मध्ये करंडक उचलला तो हैदराबादने. त्याच मैदानावर आदल्या वर्षी, १३ मार्चला, बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल करून मुंबईला २-१ असे जिंकून दिले होते. आमच्या गल्लीतली मुले त्या रात्री कोणाच्या बाजूने ओरडावे याच पेचात होती, कारण जिंकणाऱ्यांत मंदार होता.